ते बायबल नव्हे, आणि फक्त तीन भावांचंही नव्हे

बर्फातल्या शेतघराचं एक चित्र सध्या फिरतंय. खाली ओळ असते: 'तीन भावांनी पूर्ण केलेलं बायबल'. दोन्ही गोष्टी चूक. ते फ्रान्सच्या बेरी प्रांताचा ड्यूक झाँ याच्यासाठी केलेलं प्रार्थनापुस्तक आहे. ठरलेल्या प्रहरी म्हणायच्या प्रार्थना, सुरुवातीला बारा महिन्यांचं कॅलेंडर. हे चित्र फेब्रुवारीचं. शेकोटीशी बसलेली माणसं, दाटीवाटीनं उभी मेंढरं, मधमाश्यांच्या टोपल्यांवर साचलेलं बर्फ. मोठं करून बघाच, अंगावर काटा येतो! पण हे पुस्तक रंगवायला घेणारे तीन चित्रकार भाऊ, म्हणजे लिंबूर्ग बंधू, आणि ड्यूक, सगळेच १४१६ मध्ये वारले आणि पुस्तक अर्धवट राहिलं. सुमारे ७० वर्षांनी ते पूर्ण केलं झाँ कोलोंब या चित्रकारानं. त्याचं नाव गाळणं हा त्याच्यावर अन्याय आहे.