"आराखडा एकदा केला की झालं" वाल्या मेसेजचं काय करायचं

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की स्थानिक आपत्ती निवारण आराखडा एकदा नीट केला की विषय संपला, नदी काय जागा बदलत नाही, त्यामुळे तो सारखा सारखा अपडेट करणं म्हणजे कन्सल्टंटची सोय, आणि तसंही पाणी दारात आल्यावर फाईल उघडतंय कोण, शेवटी मदत वरूनच येते. वाचायला झकास, लगेच फॉरवर्ड करावासा वाटणारा. पण एकेक मुद्दा धरून बघा.

"धोके तेच असतात." नदी तिथेच असते, मान्य. पण ज्या माळावर पाणी मुरायचं तिथे काँक्रीट झालं की तेवढ्याच पावसात नाल्याला जास्त पाणी येतं आणि लवकर येतं, आणि मोरीचा पाइप मात्र जुन्याच मापाचा. त्यात सखल भागात एखादं हॉस्पिटल उभं राहिलं की जुना नकाशा पार बाद. दुसरं म्हणजे ते "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" प्रकरण. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की 99 वर्षं निवांत. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षांत जवळपास 26 टक्के, आणि तो 1 टक्का सुद्धा जुन्या नोंदींवरून काढलेला. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात 2015, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ तीन वर्षं "500 वर्षांतून एकदा" म्हणवले गेलेले पूर आले, आता बोला.

"ऐन वेळी फाईल कोण उघडतो?" हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणून जरा सविस्तर. जपानमध्ये इशिनोमाकी शहरात ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती, समुद्रापासून जवळपास 4 किलोमीटर आत, नदीकाठी. नकाशात शाळा त्सुनामीच्या पट्ट्याबाहेर दाखवलेली, उलट तिलाच आसऱ्याची जागा ठरवलेलं. 11 मार्च 2011 ला भूकंप झाला, मुलांना मैदानात आणलं, आणि पुढे कुठे जायचं तर शाळेच्या आपत्तीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं जवळची मोकळी जागा किंवा बाग. कुठली बाग? तशी उपयोगाची जागा आसपास नव्हतीच, म्हणजे त्या ओळीचा आपल्या शाळेशी मेळ बसतो का हे कुणी चालत जाऊन बघितलंच नव्हतं. शाळेमागे टेकडी होती. तरी मोठ्यांची चर्चा चालू राहिली, जवळपास पाऊण तास मुलं मैदानातच, आणि निघाली तेव्हा पाणी आलंच. 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले.

पालक कोर्टात गेले. 2018 मध्ये सेंदाईच्या हायकोर्टाने दोष ठेवला तो नुसता त्या दुपारच्या गोंधळावर नाही, तर शाळेने आणि शहराच्या शिक्षण मंडळाने आपत्तीच्या आधीच मॅन्युअल दुरुस्त करायला हवं होतं ते केलं नाही यावर. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टात तेच कायम राहिलं, भरपाई 140 कोटी येनच्या वर. आता ऐन वेळी फाईल कुणी उघडत नाही हे अगदी खरं धरलं तरी जागा आधी ठरलेली असती, पायाखालची असती, तर फाईल उघडायची गरजच पडली नसती ना? शिवाय निवारणाचं बरंचसं काम, म्हणजे मोरी मोठी करणं, पंप उंचावर बसवणं, पूररेषेत परवानगी न देणं, हे संकटाच्या कितीतरी आधीच करायचं असतं.

"कन्सल्टंटची सोय." इथे मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, तारीख बदलून तोच पीडीएफ परत चिकटवणारे असतातच, आणि त्याला पैसे देणं खरंच वाया. पण मग राग त्या कॉपी-पेस्टवर काढा ना, अपडेटवर कशाला? अमेरिकेत स्थानिक आराखडा 5 वर्षांनी परत मंजूर करून घेतला नाही तर केंद्राचा निवारणाचा बराचसा निधी अडतो, आणि नव्या आराखड्यात वस्ती-बांधकामात काय बदललं, ठरलेली कामं कुठवर आली, प्राधान्य कशाला हे दाखवावं लागतं, लोकांना बोलायची संधी द्यावी लागते. भारतातही 2005 च्या मूळ आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अपडेट करायचा असं स्पष्ट लिहिलेलं होतं, मेसेजवाल्याला आवडो न आवडो.

"मदत वरूनच येते." येते, पण पहिले काही तास शेजारीपाजारी आणि स्थानिक कर्मचारीच असतात. बाहेरून आलेल्या टीमला कुठला रस्ता पाण्याखाली जातो ते कोण सांगणार?

ज्याला खरंच तपासायचंय त्याने आपल्याकडच्या आराखड्याच्या जुन्या आणि नव्या दोन प्रती शेजारी ठेवाव्यात. आधी फोन नंबरांची यादी काढून रात्री दहाला दोन-चार नंबर लावून बघा, बदली होऊन गेलेला साहेब उचलतो की कुणीच नाही. मग निवारा म्हणून दिलेल्या शाळेची चावी रात्री कुणाकडे असते ते विचारा, जनरेटर असला तर डिझेल कोण भरतं तेही. शेवटी कामांची यादी बघा, दोन्ही प्रतींत तेच काम "प्रस्तावित" असेल तर ते का अडलं हे लेखी विचारा.