ताई, एक तारा पिक्चरचा की टॉकीजचा?

नमस्कार ताई,

शनिवारी संध्याकाळच्या शोला तुम्ही दोघं बाल्कनीत होतात. पिक्चर रटाळ, विनोदावर हसू येत नाही, इंटरव्हल गाण्याच्या मधेच, असा पिक्चर लावताच कशाला, ३०० रुपये परत करा, असं तुम्ही ऑनलाइन रिव्ह्यूत लिहिलं आणि आमच्या टॉकीजला पाचपैकी एक तारा दिला.

पिक्चरवरून मी तुमच्याशी भांडणार नाही. नवा पिक्चर लागला की पहिला शो मी बाल्कनीच्या दाराशी उभं राहून पाहतो, पडद्यापेक्षा पब्लिककडे जास्त. ट्रेलरमधले विनोद अर्ध्या तासात संपले, आणि ते लोकांना आधीच पाठ होते. अशा प्रेमाच्या विनोदी पिक्चरमध्ये शेवटी दोघं एकत्र येणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. मजा असते ती घोडं कुठे अडतं त्यात. इथे अडलं कशावर? हिरोईनने हिरोला एका मुलीसोबत हॉटेलात पाहिलं, ती निघाली त्याची बहीण, आणि तेवढ्यावर सगळा सेकंड हाफ रुसवा. मागून एक पोरगा ओरडलाच, "अबे, फोन लाव नं तिले!" हॉल खदखदून हसला.

दुसऱ्यांदा हसला तो संत्र्यांवर. हिरोईन नागपूरची, लग्न मे महिन्यातलं, आणि ती मामाच्या बागेत पिकलेली संत्री तोडून राहिली! आंबिया बहाराचं पीक दिवाळीच्या मागेपुढे येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेच्या उन्हात झाडाला पिकलेलं संत्रं बघायला मिळालं, तर आपण तिकीट काढून जाऊ. म्हणजे दोन्ही वेळा लोक हसले ते लिहिणाऱ्याच्या पुण्याईने नाही.

आता "लावताच कशाला" याबद्दल. आमचा पडदा एकच. पिक्चर बुक होतो तेव्हा आम्हीही तुमच्यासारखा ट्रेलरच पाहिलेला असतो. धंद्यात आपल्या भागाला, म्हणजे पिक्चर वाटपाच्या आपल्या विभागाला, अजून सीपी-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किट म्हणतात (त्या नावाचा प्रांत १९५० मध्येच संपला, पण वितरकांच्या वहीत तो जिवंत आहे). मोठ्या नटाचा पिक्चर हवा तर चारही शो त्याचेच लावा, अशी वितरकाची अट असते. नाही म्हटलं तर दिवाळीचा पिक्चर दुसऱ्याकडे जातो. शुक्रवारी दुपारीच कळलं होतं की माल पडणार. पण आठवडा कबूल केला म्हणजे आठवडा चालवायचा. इंटरव्हलची पाटीही पिक्चरमध्येच येते, आमचा ऑपरेटर कुठे कापत नाही.

पैसे परत मिळणार नाहीत. प्रोजेक्टर बंद पडला, लाईन जाऊन जनरेटर सुरू झालं नाही, एसी बसला, तर काउंटरवर हुज्जत न घालता पैसे देतो. पण कथा जमली नाही म्हणून कसे देणार? तुमच्या १५० च्या तिकिटात जवळपास २३ रुपये जीएसटी आहे, कारण शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के लागतो. उरलेल्यातला निम्म्याच्या आसपास वाटा पहिल्या आठवड्यात वितरकाचा. राहतं त्यात वीजबिल, पगार, झाडझूड. खाली स्टॉलचं तिकीट आम्ही शंभरच ठेवलं आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्केच कर आहे.

बाहेरचा चिवडा आत नेऊ दिला नाही, हेही लिहिलंत. ती मनाई करायचा हक्क सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये टॉकीजवाल्यांना दिला आहे, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला सांगून. आमचा कूलर जिन्याखाली आहे, तिथे कोणी पैसे मागत नाही.

आता एवढंच विचारतो. खुर्ची मोडकी होती का? एसी बंद होता का? आवाज फाटत होता का? बाथरूम घाण होतं का? तुमच्या रिव्ह्यूत यातलं एकही वाक्य नाही. असेल तर लिहा, मी स्वतः येऊन बघतो. नसेल तर तो एक तारा पिक्चरच्या पानावर द्या. तिथे मीही तेवढाच देईन.

येत्या शुक्रवारी पिक्चर बदलतो आहे. ट्रेलर बरा वाटला, पण त्यावर मी तुम्हाला बोलावत नाही. पहिला शो सुटला की काउंटरवर फोन करून मला मागा, पब्लिक कुठे कुठे हसली ते सांगतो. मग ठरवा.

— टॉकीजमालक, नागपूर