ऑस्कर दिलं, पण बसवलं कुठे?

घरच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड भाच्याने कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये जसाच्या तसा डकवला, म्हणून हे लिहावं लागतंय. फॉरवर्ड म्हणतो: १९३०च्या दशकात हॉलिवूडचे कृष्णवर्णीय कलाकार नोकर-मोलकरणींच्या भूमिका खुशीने करत, दुसरं काही त्यांना जमत नव्हतं, पैसा बक्कळ मिळे, आणि हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर दिलं म्हणजे भेदभाव नव्हताच.

शेवटचं आधी घेतो, कारण ते वाचूनच डोकं फिरलं. २९ फेब्रुवारी १९४०, ऑस्कर सोहळ्याची रात्र. सोहळा होता ते लॉस एंजेलिसचं अँबॅसेडर हॉटेल कृष्णवर्णीय पाहुणे घेत नसे. निर्माता सेल्झनिकने रदबदली केली तेव्हा कुठे हॅटीला आत सोडलं. तेही तिच्या सिनेमाच्या, 'गॉन विथ द विंड'च्या बाकी मंडळींत नाही, लांब भिंतीकडच्या छोट्या टेबलावर. आदल्या डिसेंबरात अटलांटात याच सिनेमाचा प्रीमियर झाला, तिथे तर तिला जाताच आलं नाही; जॉर्जियात वर्णभेद कायद्यानेच होता. बक्षीस मिळालं तेही मोलकरणीच्या भूमिकेला. त्यानंतर तरी वेगळं काही मिळालं? बहुतेक पुन्हा मोलकरणीच. १९५२मध्ये ती गेली, तर तिने सांगून ठेवलेल्या हॉलिवूडच्या दफनभूमीने जागा नाकारली. भेदभाव नव्हता म्हणे!

'खुशीने' म्हणजे काय? निवडायला होतं काय? हेज कोड काढून वाचा, स्टुडिओंनी स्वतःच मान्य केलेली नियमावली. गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध पडद्यावर आणायला त्यात सरळ बंदी आहे, आणि १९३४पासून ती कडक पाळली गेली. गोऱ्या नायकाची कृष्णवर्णीय प्रेयसी हा प्रकारच बाद. मग ट्रे घेऊन यायचं नि 'येस मॅम' म्हणायचं, एवढंच उरतं.

'जमत नव्हतं' यावर शाई फुकट घालवत नाही. हॅटी गायिका होती, गाणी रचायची. 'जगातला सगळ्यात आळशी माणूस' म्हणून खपवलेला कृष्णवर्णीय नट स्टेपिन फेचिट, मूळचा लिंकन पेरी, 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात लिहायचा.

पैशाचं मात्र खरं आहे, मान्य करावं लागतं. फेचिटने रग्गड कमावलं. हॅटीनेही लॉस एंजेलिसच्या शुगर हिल भागात मोठं घर घेतलं. मग काही गोरे शेजारी कोर्टात गेले: इथली घरं कृष्णवर्णीयांसाठी नाहीत असा करार आहे, यांना बाहेर काढा. १९४५मध्ये निकाल हॅटी आणि तिच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या बाजूने लागला. तिच्यावर दावा गुदरला तेव्हा ऑस्कर तिच्याकडे होतंच.