सफायर म्हणे 'शनिप्रिय'वरून आला!

रत्नांचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. सफायर (नीलम) म्हणजे शनिप्रिय, टोपाझ म्हणजे तपस्, एमराल्ड (पाचू) म्हणजे मरकत, ओपल म्हणजे उपल, सगळ्या जगाला नावं संस्कृतातून आपणच दिली आणि म्हणून साडेसातीत नीलम घालाच. आमच्या आत्याला कुणीतरी हा ढकलला आणि ती अंगठीसाठी एफडी मोडायला निघाली, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिला असता.

सफायरचंच आधी बघू. अहो, ग्रीक लोक ज्याला सॅफायरोस म्हणायचे तो दगड नीलम नव्हताच! थिओफ्रास्टस नावाच्या ग्रीक पंडिताने इ.स.पू. ३००च्या आसपास खास दगडांवर लिहून ठेवलंय, त्यात तो म्हणतो सॅफायरोसवर सोन्यासारखे ठिपके असतात. आता नीलमात सोनेरी ठिपके कुणी बघितलेत? ते असतात लाजवर्दात, निळ्याशार दगडात पायराइट या सोनेरी खनिजाचे चमचमणारे कण, आणि तो यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. पुढे रोमन लेखक प्लिनीनेही तेच लिहिलंय. म्हणजे नाव लाजवर्दाचं, नीलमला ते नंतर चिकटलं, मग त्या जुन्या नावात आपल्या नीलमवाल्या शनीला कुठून बसवणार? हिब्रू बायबलमध्येही 'सप्पीर' आहे, तिथेही शनीचा पत्ता नाही. काही इंग्रजी डिक्शनऱ्या शनिप्रियची शक्यता नोंदवतात, हे मान्य, पण 'असंही काहींना वाटतं' एवढंच. मेसेजमध्ये त्याचं थेट 'सिद्ध झालंय' झालं.

टोपाझचं नाव प्लिनी तांबड्या समुद्रातल्या एका बेटावरून आलं म्हणतो, आणि त्या बेटावर निघायचा तो पेरिडॉट हा हिरवा दगड, आजचा टोपाझ नव्हे. एमराल्ड ज्यावरून आला त्या ग्रीक स्मारॅग्डोसशी मरकतचं नातं आहे, पण बरेच अभ्यासक प्रवास उलटा मानतात, सेमिटिक भाषांतून ग्रीकमार्गे आपल्याकडे. ओपल-उपल बरोबर असावं, घ्या, एक मार्क.

राग याचा येतो की जे खरंच इथून गेलंय ते मेसेजमध्ये नाहीच. वैडूर्य हे रत्नाचं नाव प्राकृतातून ग्रीकमध्ये जाऊन बेरिल झालं, जर्मन लोक चष्म्याला ब्रिलं म्हणतात तेही त्यातलंच. आणि नीलम, माणिक दोन्ही ज्या खनिजाचे प्रकार आहेत ते कोरंडम, म्हणजे आपला धार लावायचा कुरुंद, तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, नीलमात फक्त लोह आणि टायटॅनियमने निळा रंग येतो. पण कोरंडम पडला तमिळ कुरुंदमवरून, थेट संस्कृतवरून नाही, मग फॉरवर्डवाल्यांना त्याचं काय कौतुक!