चार फुलस्केप पाने

आज दुपारी विभागात चहा घेताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सर्वांदेखत मला विचारले, "मॅडम, तुमचे अर्ज भरून देण्याचे ऑनलाइन दुकान कसे चालले आहे?" सगळे हसले. मी तेव्हा काही बोलले नाही, पण परळहून घरी येईपर्यंत लोकलमध्ये तेच वाक्य डोक्यात घुमत राहिले, म्हणून लिहीत आहे.

दर रविवारी रात्री मी एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी प्रपोजल कसे लिहावे हे झूमवर विनामूल्य शिकवते. १९७९ पासून चालत आलेल्या या योजनेत पदवीच्या विद्यार्थ्याला गाइडच्या हाताखाली दोन महिने संशोधन करता येते. पाठांतरात बुडालेल्या मुलाला स्वतःचा प्रश्न विचारण्याची ही बहुधा पहिलीच संधी असते.

माझी ती संधी हुकली. मराठवाड्यात दुसऱ्या वर्षाला असताना क्षयाचे रुग्ण औषधे मध्येच का सोडतात, या प्रश्नाने मला पछाडले होते. हॉस्टेलमध्ये रात्र जागून मी चार फुलस्केप पाने लिहिली. त्यांत उद्दिष्टे नव्हती, सॅम्पल साइज, म्हणजे किती रुग्ण तपासायचे तो आकडा, नव्हता, संमतिपत्र नव्हते. महाविद्यालय प्रमुखांची सही लागते हे मला शेवटच्या दिवशी दुपारी समजले आणि तोवर ते निघून गेले होते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे वडील मुंबईत प्राध्यापक होते. तिचा अर्ज तीन आठवडे आधीच तयार होता. ती हुशार होती, यात वाद नाही, पण सहीची गोष्ट तिला घरबसल्या कळली होती आणि मला सांगणारे कोणी नव्हते.

मागच्या रविवारी विदर्भातल्या एका विद्यार्थिनीने मधुमेही रुग्णांवरचा प्रस्ताव मांडला. अपेक्षित प्रमाण ५० टक्के, चालणारी चूक ५ टक्के. चार पी क्यू भागिले डी वर्ग (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून ते वजा करून उरलेले, डी म्हणजे चालणारी चूक) या सूत्राने उत्तर आले ४०० रुग्ण. मी विचारले, "तुमच्या ओपीडीत असे रुग्ण आठवड्याला किती येतात?" ती म्हणाली, "पंधरा, मॅडम." म्हणजे दोन महिन्यांत जेमतेम १२०. चूक १० टक्के धरली तर १०० रुग्ण पुरतात, मात्र उत्तर तितके ढोबळ होते आणि ते प्रस्तावात उघडपणे कबूल करावे लागते, यावर आम्ही पाऊण तास बोललो. मग संमतिपत्रातले "ऐच्छिक सहभाग" खोडून तिने स्वतःच लिहिले, "तुमची इच्छा असेल तरच, नाही म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील." याला अर्ज भरून देणे म्हणायचे का?

कॅमेरा बंद करून झोपणारी मुले असतात, केवळ प्रमाणपत्रासाठी येणारीही असतात, आणि रुग्णाच्या खाटेजवळ जे शिकता येते ते पडद्यावर येत नाही, हे मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र पदवीनंतरच्या फाउंडेशन प्रशिक्षणातच संशोधनासाठी काळ राखून ठेवलेल्या वेगळ्या जागा असतात, आणि नुकतीच डॉक्टर झालेली मुले आपल्या धाकट्यांकडून त्या अर्जांची व मुलाखतींची तयारी ऑनलाइन करून घेत असत. आपण शिकवले की ते दुकान?

रागाच्या भरात एक गोष्ट लिहायची राहत होती. मी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी, मुंबईत आले तेव्हा माझ्या थीसिसचा आराखडा याच सहकाऱ्यांनी तीनदा परत पाठवला होता, प्रत्येक वेळी समासात हिरव्या शाईने बारीक अक्षरांत कारणे लिहून. मी जे काही लिहायला शिकले ते त्या समासांतून शिकले, आणि सरांनी मला थीसिस लिहून दिली असे तेव्हा कोणी म्हटले नव्हते. ती हिरवी शाई त्या चार पानांवर पडली असती तर, हा विचार आज लोकलमध्ये प्रथमच मनात आला.

सर, या रविवारी रात्री साडेआठला ती विद्यार्थिनी सुधारलेला प्रस्ताव मांडणार आहे. रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने प्रस्ताव तपासणारी एथिक्स कमिटी तिला कुठे अडवेल हे तुमच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. लिंक तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली आहे.