सुरवंट का कापला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एवढं मनापासून आणि रागावून लिहिलंय, तर उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी जुन्या प्राणी-वनस्पतींच्या चित्रांपासून वह्यांची मुखपृष्ठं कशी करते ते दाखवलं होतं. त्यात मारिया सिबिला मेरियन या जुन्या जर्मन चित्रकार आणि कीटक-अभ्यासक बाईचं शंकासुराच्या फुलझाडाचं चित्र होतं. तुमचे आक्षेप तीन. अभ्यासासाठी काढलेली चित्रं वह्यांवर छापून मी त्यांची शोभेची वस्तू केली. त्यांचे रंग बदलले. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत: "तुम्ही सुरवंट कापलात, म्हणजे चित्रच कापलंत."

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो शंभर टक्के खरा आहे.

मेरियन 1699 साली, वयाच्या 52व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेली. 1701 मध्ये आजारी होऊन परतली आणि 1705 मध्ये तिचं 60 चित्रांचं पुस्तक निघालं. तेव्हाच्या पुस्तकांत कीटक बरेचदा टाचणीला टोचल्यासारखे, रांगेत मांडलेले दिसायचे. हिने सुरवंट, कोष आणि पतंग एकाच चित्रात आणले, आणि तेही झाडावर. कोण कशातून बाहेर येतं, कुठे राहतं, काय खातं, हे एका नजरेत दिसावं म्हणून. तिचं सगळं संशोधन त्या मांडणीत आहे. मला शीर्षकासाठी मोकळी जागा हवी होती आणि सुरवंट आड येत होता, म्हणून मी तो काढला. फुलं आणि पतंग तेवढे ठेवले. चूक झाली.

त्याहून मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटलीय, ती मीच सांगते. त्या चित्रासोबतचा मजकूर मी तेव्हा वाचलाच नव्हता. मेरियन लिहिते, की डच मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरतात, आपली मुलं गुलामगिरीत जन्मू नयेत म्हणून. हे त्या बायकांनी स्वतः तिला सांगितलं होतं. आणि मी त्या फुलाखाली 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' छापून भेटीच्या वह्या केल्या होत्या. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मूळ पुस्तक उघडलं तेव्हा हे कळलं आणि तो दिवस फार वाईट गेला.

तरीही तुमचा पहिला आक्षेप मला मान्य नाही. ही चित्रं अभ्यासाच्या चार भिंतींत कधीच बंद नव्हती. एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 1899 ते 1904 या काळात सागरी जिवांची आणि इतर प्राणी-वनस्पतींची 100 चित्रं हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केली, ती कलाकार-कारागिरांच्याही हातात पडावीत या हेतूनेच. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचं प्रवेशद्वार रेने बिने या वास्तुरचनाकाराने हेकेलने काढलेल्या रेडिओलेरिया या सूक्ष्म सागरी जिवांच्या चित्रांवरून उभारलं. डोळ्यांना दिसतही नाही एवढ्या जिवाचा सांगाडा, आणि त्याची कमान झाली! अशा वापराने विज्ञानाचा अपमान झाला असं मला अजिबात वाटत नाही.

रंगांबद्दल. मेरियनचं पुस्तक तांब्याच्या पत्र्यांवरून काळ्या शाईत छापलेलं. रंग नंतर हाताने भरले जायचे आणि काही प्रती तर बिनरंगीच विकल्या गेल्या. त्यामुळे दोन प्रतींचे रंग हुबेहूब जुळत नाहीत. मी कागदाचा पिवळेपणा काढते, चित्रामागची पार्श्वभूमी बदलते. पण पतंगाला किंवा फुलाला वेगळा रंग देत नाही, कारण रंग ही त्या जिवाची ओळख आहे. तुम्हाला जो फरक दिसला तो पिवळेपणा काढताना झालाय. उजळपणा थोडा जास्त वाढवला की आधी जातात त्या सगळ्यांत बारीक रेघा: मिशांची टोकं, पायांवरचे केस, पंखांच्या कडेची सावली. स्कॅन चौपट मोठा करून पाहा, ती सावली म्हणजे केसाएवढ्या समांतर रेघा असतात. हल्ली मी चित्राचा भाग वेगळा निवडून फक्त कोरा कागद उजळते. वेळ लागतो, पण रेघ टिकते.

हक्कांचा, म्हणजे कॉपीराइटचा, मुद्दा तुम्ही ओझरता काढलाय. मेरियन 1717 मध्ये गेली, हेकेल 1919 मध्ये. तिथे कायद्याची अडचण नाही. मला जास्त टोचतात ती चित्राखालची बारीक अक्षरं. जुन्या कोरीव चित्रांत सहसा डावीकडे 'डेल.' म्हणजे चित्र कुणी काढलं, आणि उजवीकडे 'स्कल्प.' म्हणजे कुणी कोरलं, ते असतं. चौकट नीट बसवताना पहिली कात्री तिथेच चालते. सुरिनामच्या पुस्तकाचे बहुतेक पत्रे पीटर स्लुइटर, योसेफ मुल्डर अशा कोरक्यांनी कोरले, हेकेलची चित्रं आडोल्फ गिल्चने शिळाछापावर उतरवली. ही नावं कापायची आणि वर 'विंटेज चित्र' लिहायचं, हे मला चोरीइतकंच वाईट वाटतं. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या निसर्गविषयक पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहात बहुतेक वेळा पूर्ण पुस्तकच स्कॅन केलेलं असतं, त्यामुळे चित्र उतरवून घेताना त्याचा मजकूर शोधायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी दिली नव्हती.

तुम्ही विचारलंय, उरलेल्या वह्यांचं काय करणार. त्या विकणार नाही. नव्या मुखपृष्ठावर चित्र पूर्ण आहे, शुभेच्छा काढल्यात आणि शीर्षक मलपृष्ठावर नेलंय. आतल्या बाजूला मेरियनचं नाव, 1705 आणि तिच्या त्या मजकुराचा मराठी सारांश येईल. सारांशाचा कच्चा मसुदा उद्या इथेच टाकते. तुम्ही तो वाचून चुका दाखवल्यात तर मला हवंच आहे.