आखाजीला बघू

खान्देशातल्या माणसाला परदेशी पेटंटसाठी तीस महिन्यांची मुदत देणं ही त्याची चेष्टा आहे. पंधरा दिवस दिले असते तर रात्रभर जागून, शेजारच्याला उठवून, सकाळी अर्ज भरून तो मोकळा झाला असता. तीस महिन्यांत केळीची लागण होते, घड उतरतात, पिलबाग धरली जाते, एकदा वादळ येऊन बाग आडवी पडते, पंचनामे होतात, आणि मदतीचे पैसे तरीही यायचेच असतात. एवढ्या मोठ्या मुदतीत घाई करणारा माणूस आमच्याकडे संशयास्पद समजतात.

तर समजा, तुम्ही यावल-रावेरकडचे बागायतदार. घड उतरवल्यावर बांधावर कुजणाऱ्या खोडाचं काहीतरी करावं म्हणून तुम्ही धागा काढायच्या यंत्राला असा एक रूळ बसवलात की खोड आत सारताना हात सापडत नाही आणि धागाही तुटत नाही. वेल्डिंग भुसावळला, लेथचं काम जळगावला, डोकं तुमचं. आता या शोधाचे जगभरातले हक्क रीतसर आणि कायमचे कसे घालवायचे, त्याचा हा सल्ला. फी नको. चहा पाजलात तरी पुरे.

पहिला अर्ज शुभ दिवशी करा. ३१ ऑगस्ट २०२२, गणेश चतुर्थी. भारतात पेटंटसाठी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज ऑनलाइन जातो, एकट्यादुकट्या माणसाला फी १,६०० रुपये. गणपती बसले आणि अर्जही बसला. ही झाली तुमची अग्रक्रम तारीख. पुढचं सगळं हिच्यापासून मोजतात, म्हणून ती कुठेही लिहून ठेवू नका.

इथून १२ महिन्यांत परदेशासाठी पेटंट सहकार्य कराराखाली आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा असतो. तुम्ही म्हणा, ‘पुढच्या गणपतीला करू.’ मनातल्या मनात वर्ष मोजायची आपली पद्धत हीच. पण २०२३ साली अधिक श्रावण आला आणि गणपती बसले १९ सप्टेंबरला. मुदत ३१ ऑगस्टलाच संपत होती. इंग्रजी कॅलेंडरावर चालणाऱ्या त्या कराराला अधिक मास माहीत नाही. म्हणजे काहीही न करता, निव्वळ भक्तिभावानं, पहिल्याच फटक्यात अग्रक्रम हातचा गेला असता. पण राखीला बहीण आली, तिच्यासोबत पुण्यात नोकरी करणारा भाचा आला, आणि त्यानं ३० ऑगस्टला तुम्हाला खुर्चीवर बसवून अर्ज करून टाकला. भाच्यांमुळे अनेक चांगले नाश लांबणीवर पडतात.

आता चौकात फ्लेक्स लावा. ‘जागतिक पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, वर नेत्यांचे गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची यादी, मध्ये कोपऱ्यात जमलं तर तुम्ही. जागतिक पेटंट नावाची वस्तू जगात नाही, हे भाच्याला सांगू द्या. १९७० साली वॉशिंग्टनला झालेला पेटंट सहकार्य करार, ज्यात भारत ७ डिसेंबर १९९८ पासून आहे, तो पेटंट देत नाही. तो फक्त दीडशेहून जास्त देशांच्या दारात तुमच्या नावाचा रुमाल टाकून ठेवतो, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. सीट मिळवायला शेवटी तुम्हालाच गाडीत चढावं लागतं. या चढण्याला राष्ट्रीय टप्प्यात प्रवेश म्हणतात. प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळी फी, तिथला वकील, आणि चीन-जपानसाठी त्यांच्या भाषेत भाषांतर. खर्चाचा आकडा ऐकून पाणी प्यावंसं वाटतं.

एक महत्त्वाचं काम इथंच उरकून घ्या. भारतातल्या तात्पुरत्या अर्जामागून १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. तो देऊ नका. ‘जगात भारत आलाच ना!’ हे वाक्य ठासून म्हणा. भारत जगात येतो हे खरंच आहे, पण त्या करारातून यायचं तर भारतालाही राष्ट्रीय टप्प्याच्याच दारातून यावं लागतं. म्हणजे आता घरातल्या हक्कालाही तुम्ही परदेशासारखंच टांगून ठेवलंत. उत्तम.

अठरा महिन्यांनंतर, म्हणजे २०२४ च्या मार्चच्या आसपास, तुमचा अर्ज आकृत्यांसकट प्रसिद्ध होतो. कुणीही, कुठेही बसून, फुकट वाचू शकतो. सोबत शोध-अहवालही असतो, म्हणजे असं काही आधी कुठे होतं का याच्या झडतीचा कागद. त्यात जुन्या कागदपत्रांपुढे अक्षरं दिलेली असतात. ‘एक्स’ म्हणजे हा एकच कागद तुमच्या शोधाच्या मुळावर उठणारा, ‘वाय’ म्हणजे दुसऱ्या कागदासोबत मिळून उठणारा, ‘ए’ म्हणजे नुसती पार्श्वभूमी. तुम्हाला सगळीकडे ‘ए’ दिसले तर ‘ए ग्रेड मिळाली’ म्हणून पेढे वाटा. आयुष्यात एकदा तरी चुकीच्या कारणानं बरोबर आनंद व्हावा.

प्रसिद्धीनंतर परदेशातून एक पत्र येईल. त्यावर गरुड नाहीतर पृथ्वीचा गोळा, शिक्का, तुमचा अर्ज क्रमांक, आणि ‘नोंदणी’साठी भरायची मोठी रक्कम. हे भरायची घाई करा. कराराचा कारभार पाहणारं जिनिव्हाचं कार्यालय असल्या बनावट पत्रांपासून सावध राहा म्हणून वारंवार सांगतं; पण सांगणाऱ्याच्या पत्राला शिक्का कुठं असतो एवढा मोठा? उलट, २८ महिने उलटल्यावर त्याच कार्यालयाकडून तुमच्या पेटंट एजंटाकडे खरी सूचना येते. ती ईमेलनं येते, साधी असते, पैसे मागत नाही. अशी कागदं आपण गंभीरपणे घेत नाही. एजंट ती तुम्हाला पुढे पाठवेल. तुम्ही त्याला दोन्ही हात जोडलेला इमोजी पाठवा.

आता या सगळ्या कलेचा गाभा. राष्ट्रीय टप्प्यात शिरायची तीस महिन्यांची मुदत अग्रक्रम तारखेपासून मोजतात, आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून नाही. तुम्ही दुसऱ्या तारखेपासून मोजा. ३० ऑगस्ट २०२३ अधिक ३० महिने म्हणजे २८ फेब्रुवारी २०२६. खरी मुदत ३१ ऑगस्ट २०२२ पासून, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५. कारण फेब्रुवारीत ३१ तारीख नसते आणि अशा वेळी मुदत महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, पुढच्या महिन्यात सांडत नाही. बघा, किती सुबक चूक! दिवस बरोबर, महिना बरोबर, फक्त साल चुकलं. लग्नपत्रिकेत अशी चूक झाली तर पाहुणे हसतात. इथे कुणी हसतही नाही, अमेरिका आणि जपान शांतपणे दार लावून घेतात.

तर २६ फेब्रुवारी २०२५ ला महाशिवरात्रीचा उपास करा, २७ ला सोडा, २८ ला शेतात जा. एजंटाचा फोन आला तर सांगा, ‘अजून वर्ष आहे हो साहेब.’ तो हिशेब समजावू लागला तर म्हणा, ‘व्हई जाई भाऊ, घाई काय शे!’ आणि फोन ठेवा.

काही देश मात्र चिवट असतात. युरोपचं पेटंट कार्यालय, भारत, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया ३१ महिने देतात. म्हणजे ३१ मार्च २०२५. ही तारीख विसरणं अवघड, कारण सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं ३१ मार्चच्या आतच करायचं असतं आणि ती तारीख तुम्हाला झोपेतही ठाऊक असते. डोक्यात दोन ३१ मार्च मावत नाहीत, हे कारण पुढे कामाला येईल. त्या वर्षी त्याच दिवशी रमजान ईद होती. कार्यालय सुट्टीमुळे बंद असेल तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. म्हणजे भारतात एक दिवस वर मिळाला. तोही वाया घालवा. शीरखुर्मा खायला मित्राकडे गेला होतात, हे कुणी नाकारू शकत नाही.

मुदतवाढ मिळेलच, हा विश्वास सोडू नका. पॅन-आधार जोडणीची तारीख किती वेळा सरकली? ई-केवायसीची? पीकविम्याची? शेवटची तारीख म्हणजे पहिली आठवण, असंच आपल्याला शिकवलंय. खरं तर या करारातही मुदतवाढ झालेली आहे. पूर्वी २० महिनेच मिळायचे, जास्त हवे तर १९ महिन्यांच्या आत प्राथमिक परीक्षणाची मागणी करावी लागायची. १ एप्रिल २००२ पासून सरळ ३० केले. आपल्या वाट्याची मुदतवाढ तेव्हाच देऊन टाकली, एवढंच.

आणि हो, गेलेलं परत मिळवायच्या वाटाही असतात, त्यांच्यापासून सांभाळून. अमेरिकेत ‘मुद्दाम केलं नाही, राहून गेलं’ असं सांगून मोठी फी भरता येते. युरोपात हक्क गेल्याचं पत्र आल्यावर दोन महिन्यांत जादा फी भरून पुढे जाता येतं. हे भाच्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. ३० एप्रिल २०२५. पोरी झोक्यावर, घरात आमरस, ओसरीवर पत्त्यांचा डाव, सालदाराचं साल संपून नव्या सालाची बोलणी. आणि गंमत म्हणजे एक मोठा देश तुमच्यासाठी त्या दिवसापर्यंत थांबलेला असतो. चीन. ३० महिन्यांवर आणखी २ महिने, जादा फी भरून. एप्रिलला ३१ नसल्यानं ३० एप्रिल. जणू कुणी बीजिंगमध्ये बसून आपलं पंचांग बघितलं. ‘आखाजीला बघू’ असं तुम्ही सहा महिने म्हणत होता, आणि आखाजीला खरोखरच एक दार उघडं होतं. दुपारी एजंटाचा फोन आला तेव्हा तुमच्या हातात तीन एक्के होते. असा हात टाकून कोण उठतो?

त्यानंतर काही काळानं कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर तुम्हाला ते यंत्र दिसेल. निळा रंग, चकचकीत पत्रा, किंमत तुमच्या खर्चाच्या निम्मी. खोड आत जातंय, हात सापडत नाहीये. भांडू नका, तिथंही हक्क नाही आणि इथंही नाही. थोडा वेळ बघत उभे राहा. रूळ अधूनमधून अडकेल. मग त्या पोराला जवळ बोलवा आणि सांगा की चावी डावीकडून नाही, उजवीकडून आवळायची. त्याला ते माहीत नसणार. अर्जात लिहायचं आपल्याकडून राहून गेलं होतं.